आणखी बारीक निब

जयवंत गमरेचं अक्षर काळाचौकीत ज्यांना वाचता येत होतं त्यांना तर ठाऊक होतंच, पण ज्यांना वाचता येत नव्हतं तेही ते ओळखत. गावाकडून आलेला कागद आणि जयवंतानं लिहिलेला कागद शेजारी ठेवला, तर अडाणी म्हातारीही बोट ठेवून सांगे, हा जयवंताचा. अक्षर मोठं, गोल, सुटं सुटं. प्रत्येक अक्षराच्या पोटात उजेड, आणि वरची रेघ दोरी ओढून आखल्यासारखी. रत्नागिरीकडच्या शाळेत त्याला लहानपणी व्हरांड्यात बसवत. तिथून फळा तिरका दिसे. जे तिरकं दिसे ते त्यानं पाटीवर सरळ करून काढायची सवय लावून घेतली, आणि ती सवय पुढे जन्माला पुरली. मुंबईत आल्यावर मॅट्रिक झाला, एका कचेरीत चिकटला, आणि जन्ममृत्यूचे दाखले लिहायचं काम त्याच्याकडे आलं ते अक्षरामुळेच.

छप्पन सालच्या दीक्षेनंतर चाळीत घरोघर देव्हारे रिकामे झाले, आणि लोकांना भिंतीवर लावायला त्रिसरण आणि पंचशील हवं झालं. छापील पुस्तिका सगळ्यांच्या हाती आल्या नव्हत्या. जयवंत जाड पुठ्ठा आणी, पेन्सिलीनं फिकट रेघा मारी आणि रविवारी खोलीच्या दारात पाट टाकून एकेक तक्ता लिहून देई. बायको लक्ष्मी गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. रविवारी तिलाही सुट्टी. ती आतून चहा देई, आणि तो प्यायला विसरला की निवलेला कप उचलून दुसरा आणून ठेवी. त्या दिवसांत जयवंत फार सुखात होता. आपल्या हातचं अक्षर घराघरात भिंतीवर आहे, सकाळी उठून माणसं त्याच्यापुढे हात जोडतात, याच्यापलीकडे त्याला काही नको होतं.

सत्तावन सालचा उन्हाळा होता. एक तक्ता लिहून झाल्यावर त्यानं तो भिंतीला टेकवला आणि चार पावलं मागे गेला. ‘ध’ कुठला आणि ‘घ’ कुठला ते कळेना. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ शाईत बुडून गेली होती. सगळ्या तक्त्यावर कुणी मूठभर मोहरी फेकल्यासारखं दिसत होतं. त्यानं पेन उघडून निब निरखली. निब झिजली, जाड झाली, असं त्याच्या मनानं घेतलं, आणि पुढच्या शनिवारी कचेरी अर्ध्या दिवसानं सुटल्यावर तो ट्राम पकडून गिरगावात गेला.

फणसवाडीच्या तोंडाशी एका इमारतीच्या जिन्याखाली शामरावांचं पेनांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक काचेचं टेबल, मागे खणांची फळी आणि शामरावांना बसायला स्टूल. ग्राहकानं फुटपाथवर उभं राहूनच बोलायचं. शामराव मूळचे मालवणकडचे, पन्नाशीचे, डोळ्याला लावायचं भिंग दोऱ्यानं गळ्यात अडकवलेलं. जयवंतानं अडचण सांगितली. शामरावांनी त्याची निब भिंगाखाली धरली, फिरवून पाहिली, आणि निबेला काही झालेलं नाही, मिडियम आहे ती मिडियमच आहे, असं सांगितलं. पण बारीक हवी तर आहे.

त्यांनी टेबलावर कोऱ्या कागदाचं पॅड ठेवलं आणि चार टाकांना चार निबा लावून दिल्या. आधी स्वतः चार रेघा ओढून दाखवल्या. ब्रॉड निबेची रेघ पावसाळी गांडुळासारखी, मिडियमची सुतळीसारखी, फाइनची शिवणाच्या दोऱ्यासारखी, आणि एक्स्ट्रा फाइनची केसासारखी. एकीखाली एक अशा त्या रेघा पाहून जयवंताला उगाच आनंद झाला.

निब बघायला आलेला माणूस बहुधा आपलं नाव लिहून बघतो. जयवंतानं ‘बंधुभाव’ लिहिलं. शामरावांनी हाच शब्द का म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं समजावून सांगितलं की निब जाड झाली की ‘ब’चा ‘व’ होतो, ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो. एवढ्या एका शब्दात तिघांची परीक्षा होते. शामराव हसले. त्यांना माणूस आवडला. दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवून त्यांनी जयवंताला चारी निबांनी तोच शब्द लिहायला लावला आणि फाइन निबेवर दोघांचं एकमत झालं. ‘ब’ पुन्हा ‘ब’ दिसू लागला. जयवंत ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसून घरी आला तेव्हा खिशावरून चार वेळा हात फिरवला असेल.

तो आनंद दिवाळीपर्यंतही टिकला नाही.

लक्ष्मी त्या वर्षी चाळीतल्या साक्षरतेच्या वर्गाला जाऊ लागली होती. वर्ग आठवड्यातून दोनदाच भरे, म्हणून बाकीचे दिवस जयवंत तिच्या वहीत वरच्या ओळीला कित्ता घालून देई आणि ती खालच्या ओळी गिरवी. सुरुवातीला तिचं बरं चाललं होतं. मग ती चुकू लागली. काना गाळी, वेलांटी भलतीकडे देई. वही पुढे ढकलून म्हणे, माझ्या डोक्यात काय शिरत नाही. जयवंत काही बोलत नसे. त्याला राग आलेला नसे. तो फक्त पाहत असे, आणि पाहता पाहता त्याला वाटे की शाई घट्ट आहे, कागद हलका आहे, फाइन निबही आता पसरायला लागली आहे.

कचेरीतही असंच काही होऊ लागलं. एक बाई मुलाच्या जन्माचा दाखला घेऊन परत आली. शाळेत मास्तरांनी बबनचा ववन वाचला होता आणि तसाच पटावर घातला होता. हेडक्लार्क भला माणूस. त्यानं दाखला जयवंतासमोर धरला आणि हसत विचारलं, “गमरे, कागद वाचवायचं सर्क्युलर आलंय की काय?” सगळे हसले. जयवंतानंही हसायचं ठरवलं, पण हसू चेहऱ्यावर आलं नाही. हेडक्लार्कला ते लागलं असावं. नंतर काही दिवस तो जरा तुटक वागला.

मग गिरगावच्या फेऱ्या वाढल्या. एक्स्ट्रा फाइन निब झाली. परदेशी निबा यायच्या जवळजवळ बंद झाल्या होत्या. शामरावांनी कुठल्या तरी जुन्या पेनाची काढून दिली. ती केसासारखी चालायची, पण कचेरीच्या खरबरीत कागदावर अडायची, कागदाचे तंतू उचलायची आणि मग तंतूसकट एक शिंतोडा टाकायची. शामरावांनी ती बारीक दगडावर घासून दिली. पुन्हा दोन महिन्यांनी घासून दिली. दर वेळी पॅडवर चार निबांची तुलना व्हायची, दर वेळी ‘बंधुभाव’ लिहिलं जायचं, आणि दुकानात उभ्या उभ्या, शामराव बघत असताना, अक्षर बरं यायचं. तिथे जयवंत जपून लिहायचा. घरी आला की पुन्हा मोहरी.

हात थोडा जड वाटतो, सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो, चालताना उजवा हात अंगाला चिकटून राहतो, हे त्याच्या ध्यानात येत होतं. पण चाळिशी उलटल्यावर असं व्हायचंच म्हणून त्यानं ते सोडून दिलं. निबेचं मात्र सोडून देता येत नव्हतं. निब ही विकत मिळणारी वस्तू होती. आणखी चांगली कुठेतरी असणारच.

चाळीच्या नाक्यावर समितीचा फळा होता. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, मोर्चे, कुणाला अटक झाली, कोण सुटून आलं, सगळं त्याच्यावर खडूनं लिहिलं जाई. गिरणीवरून सुटलेली माणसं तिथे थांबून वाचत आणि मगच घरी जात. हा फळा दौलत सांभाळायचा. दौलत जयवंताचा शेजारी, गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम, तोंडाचा फटकळ आणि मनाचा मोकळा. त्याचं स्वतःचं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, म्हणून मोठं काही असलं की तो जयवंताला बोलावी.

अठ्ठावन सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. कामगार मैदानावर मोठी सभा होती आणि दौलतनं सकाळीच जयवंताला नाक्यावर आणलं. फळा ओल्या फडक्यानं पुसून ठेवला होता. जयवंतानं खडू घेतला आणि लिहायला लागला. पाळी सुटायची वेळ होती. मागे माणसं जमत होती. तो नेहमीसारखा मोठं मोठं, ठसठशीत लिहीत होता. निदान हाताला तसं वाटत होतं. तीन ओळी झाल्या तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, काय लिवलंय ते दिसू द्या की. दौलत पुढे आला. त्यानं फळ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “जयवंता, तू मागं सरून बघ.”

जयवंत मागे सरला. पहिली ओळ डावीकडे हाताच्या तळव्याएवढ्या अक्षरानं सुरू झाली होती. उजवीकडे जाता जाता अक्षर लहान होत गेलं होतं आणि ओळ वर चढली होती. दुसरी ओळ पहिलीच्या निम्म्यानं. तिसरी शेवटाला नुसती मुंग्यांची रांग. एवढ्या मोठ्या फळ्याच्या एका कोपऱ्यात सगळी सभा आक्रसून बसली होती.

दौलतनं थट्टा केली नाही, हेच वाईट झालं. त्यानं फडकं घेऊन फळा पुसला आणि स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात सभेची वेळ लिहिली. ती सगळ्यांना वाचता आली.

जयवंत खडू हातात धरून उभा होता. खडूला निब नसते. ही गोष्ट त्याला तिथे, नाक्यावर, पन्नास माणसांत कळली, आणि त्यानंतर तो त्या वर्षी गिरगावात गेला नाही.

लक्ष्मीनं त्याला परळच्या इस्पितळात नेलं ते आणखी काही महिन्यांनी, त्याचा उजवा पाय घासायला लागल्यावर. बऱ्याच खेपा झाल्यावर एका मोठ्या डॉक्टरापुढे बसायला मिळालं. डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, वळायला लावलं, त्याचा हात कोपरात हलवून पाहिला. मग एक कागद आणि स्वतःचं पेन पुढे केलं आणि एकच शब्द एकाखाली एक लिहीत जायला सांगितलं. जयवंतानं ‘बंधुभाव’ लिहिलं. पेन भारी होतं. निब मिडियम, गुळगुळीत, लोण्यातून गेल्यासारखी चालणारी. सहाव्या-सातव्या ओळीला शब्दाचा ठिपका झाला.

डॉक्टरांनी कागद उचलून पाहिला. “याला कंपवात म्हणतात,” ते म्हणाले.

“पण साहेब, माझा हात कापत नाही.”

“कापेल. सगळ्यांचं कापण्यापासून सुरू होत नाही. काहींचं अक्षरापासून होतं.”

जयवंतानं विचारलं, औषध काय. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की यांनी ताठरपणा थोडा कमी होईल, तोंड कोरडं पडेल, रोग मात्र जाणार नाही. हा मेंदूतला बिघाड आहे, हळूहळू वाढत जातो. रेघा आखलेल्या कागदावर, रेघेपासून रेघेपर्यंत पोचायचं असं मनाशी म्हणत लिहिलं, तर काही दिवस मोठं लिहिता येईल. किती दिवस ते सांगता येत नाही.

लक्ष्मी आतापर्यंत दाराशी उभी होती. तिनं पुढे येऊन विचारलं की यांचा चेहरा असा का झालाय, हे हसत नाहीत, बोलत नाहीत, नुसते टक लावून बघतात. डॉक्टर म्हणाले, तेही त्यातलंच, चेहऱ्याचे स्नायू आखडतात, मनात राग नसला तरी राग दिसतो.

बाहेरच्या बाकावर आल्यावर लक्ष्मी तोंडाला पदर लावून रडली. जयवंताला वाटलं, रोगाचं ऐकून रडते आहे. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “वर्षभर मला वाटत होतं, तुम्ही माझ्यावर चिडलाय. मला शिकता येत नाही म्हणून.”

तिनं मग सगळंच सांगितलं. कित्त्याची अक्षरं तिला दिसतच नव्हती. आपले डोळे गेले असं समजून तिनं गिरणीतल्या दवाखान्यात डोळेही दाखवले होते. तिथे डोळे चांगले आहेत म्हणाले, तेव्हा ती धरून चालली की मग डोक्यातच कमी असणार. जयवंत हे ऐकत होता आणि त्याला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. हात उठायला इतका वेळ लागला की तोवर ती उठून गोळ्यांच्या खिडकीच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती.

डॉक्टरांनी सांगितलेला उपाय खरोखर लागू पडला. लक्ष्मीनं लालबागच्या दुकानातून पहिलीच्या मुलांची दुरेघी वही आणली. दोन रेघांच्या मध्ये, श्वास रोखून, एकेक अक्षर वरच्या रेघेला टेकवत जयवंत लिहू लागला आणि अक्षर मोठं आलं. जुन्यासारखं गोल नाही, पण मोठं. त्या आठवड्यात तो मुलासारखा झाला. पुन्हा गिरगावात गेला आणि शामरावांना आता ब्रॉड निब दाखवा म्हणाला. शामरावांना आनंद झाला. त्यांनी पॅडवर रेघा आखून दिल्या, निबा मांडल्या, आणि दोघांनी पुन्हा एकदा जाड-बारीकची तुलना केली. ब्रॉड निबेला ओढायला जोर लागत नाही, मिडियमला वळण चांगलं येतं, असं बरंच बोलणं झालं. त्यानं ब्रॉड घेतली.

कचेरीत मात्र दाखल्यांवर दुहेरी रेघा नव्हत्या. आखायच्या तर प्रत्येकाला वेळ लागे, आणि खिडकीशी रांग उभी असे. हेडक्लार्कनं त्याला सांभाळून घेतलं. दाखल्यांवरून काढून आवक-जावकवर बसवलं, तिथून शिक्के मारण्यावर. एकोणसाठ सालच्या दिवाळीच्या सुमारास शिक्का धरलेला हात टेबलावर आपोआप टकटक वाजायला लागला. शेजारचे कारकून आधी वर बघत, मग बघेनासे झाले. घरी दोन रेघांतलं अक्षरही आता पहिल्या दोन शब्दांपुरतंच उभं राही. तिसऱ्या शब्दाला रेघ समोर दिसत असून हात तिथवर पोचत नसे. आपण पोचलो असंच त्याला आतून वाटत असे. डोळे सांगत, नाही.

साठ सालच्या आरंभी कचेरीनं त्याला तब्येतीच्या कारणानं मोकळं केलं. फंडाचा अर्ज करायचा होता. त्या दिवशी लक्ष्मी खाडा करून त्याच्याबरोबर आली. अर्जावरची सही आणि नोकरीला लागतानाची सही पडताळायची पद्धत होती. टेबलावरच्या तरुण अधिकाऱ्यानं जुना कागद काढला. त्यावर वीस वर्षांमागची सही होती. जयवंत धोंडू गमरे, टपोऱ्या अक्षरांत, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. खालच्या अर्जावर मात्र काहीतरी किडा चिरडल्यासारखं.

“जुळत नाही,” तो म्हणाला. उद्धटपणे नाही म्हणाला. दुसरा कोरा फॉर्म दिला. लक्ष्मीनं पेन्सिल मागून घेतली आणि सहीच्या जागी दोन रेघा आखल्या. जयवंतानं पेन धरलं. ‘ज’ चांगला आला, वरच्या रेघेला टेकला. ‘य’ अर्ध्यावर राहिला. ‘वंत’ लिहिताना हात कापायला लागला आणि निबेनं कागद फाडला.

तरुणानं फाटलेला फॉर्म बाजूला करून नवा काढला. मग शाईची गादी उघडून पुढे सरकवली. “काका, अंगठा द्या. सोपं पडेल. साक्षीदार दोन लागतील.”

जयवंताच्या बापानं जन्मभर अंगठाच उठवला होता. खोताच्या पडवीसमोर, पायरीच्या खाली उभं राहून. मुलगा शाळेत व्हरांड्यात का होईना बसतो, याचं त्याला केवढं वाटे. जयवंतानं डावा हात पुढे केला. तोही आता कापायला लागला होता, म्हणून लक्ष्मीनं मनगट धरलं आणि अधिकाऱ्यानं अंगठा धरून गादीवर आणि मग कागदावर फिरवला. ठसा स्वच्छ उठला. साक्षीदार म्हणून कचेरीतल्या दोघा शिपायांनी सह्या केल्या. बाहेर आल्यावर लक्ष्मीनं नळाखाली त्याचा अंगठा चोळून धुतला, तरी नखाच्या कडेला जांभळं राहिलंच.

लक्ष्मीचा वर्ग तोवर सुटला होता. घरात एकच पगार राहिला, म्हणून दुसऱ्या कुणाच्या बदलीची पाळी मिळेल तेव्हा तीही घेई, आणि उरलेल्या वेळात जयवंताला आंघोळ घालणं, भरवणं. स्वतःचं नाव लिहिण्यापुरतं तिला येत होतं. त्याच्या पुढे ती गेली नाही. जयवंतानं एकदा विषय काढला, तर म्हणाली, आता कशाला.

एक मे आला. महाराष्ट्र झाला. लालबाग-परळभर दिव्यांच्या माळा लागल्या, रस्त्यात गुलाल उडाला, माणसं माणसांना मिठ्या मारत होती. दौलत दोनदा तुरुंगात जाऊन आला होता. तो पेढे घेऊन आला, जयवंताच्या तोंडात पेढा घातला आणि त्याच्या खाटेवर बसून ढसाढसा रडला. जयवंतालाही रडू येत होतं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही, फक्त डोळ्यांतून पाणी गळलं. दौलत बोलून गेला, “दहा दिवसांनी बुद्धजयंती आहे. यंदा वंदना तू घ्यायची. लिहिता नाही आलं म्हणून काय झालं, तोंड आहे ना.”

ही गोष्ट जयवंताच्या मनात कधी आलीच नव्हती. तोंड आहे. सगळी वंदना त्याला पाठ होती. चाळीतल्या निम्म्या घरांनी ती त्याच्याच तक्त्यांवरून पाठ केली होती. लक्ष्मी पाळीला गेली की तो खोलीत बसून म्हणू लागला. शब्द सगळे आठवत होते, कुठे अडत नव्हतं. अंगात जरा बळ आल्यासारखं झालं. लक्ष्मीनं त्याच्यासाठी पांढरा सदरा नीळ घालून धुतला.

पौर्णिमेच्या संध्याकाळी चाळींच्या मधल्या पटांगणात माणसं जमली. पुढे बायका आणि पोरं, मागे पुरुष. एक मेच्या माळा अजून उतरवलेल्या नव्हत्या. त्यांच्या उजेडात मूर्ती मांडली होती. दौलत आणि लक्ष्मीनं धरून जयवंताला पुढे आणलं आणि खुर्चीवर बसवलं. लक्ष्मी बायकांत जाऊन बसली. पटांगण शांत झालं.

जयवंतानं पहिली ओळ म्हटली. तो छाती भरून, खणखणीत म्हणाला. पुढच्या बायकांनी मागून म्हटली, मग तिच्या मागच्यांनी. दुसऱ्या ओळीला पुढच्यांनी थोडं थांबून म्हटलं. तिसऱ्या ओळीला पुढच्याच चार-पाच जणींचा आवाज आला. मागून कुणी म्हणालं, सुरू केलं का. कुणी त्याला गप्प केलं. जयवंत म्हणतच होता. आपला आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत जातो आहे असं त्याला वाटत होतं. फक्त लोक म्हणत का नाहीत ते कळत नव्हतं. त्याला वाटलं, आपलं काही चुकलं, म्हणून त्यानं ती ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. माणसं पुढे झुकून, कानामागे हात धरून बघत होती.

मग दौलत त्याच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. वाकून त्यानं जयवंताच्या तोंडाशी कान नेला, ऐकलं, आणि सरळ होऊन तीच ओळ मोठ्यानं म्हटली. सगळं पटांगण एका आवाजात उठलं. पुढची ओळ तशीच. त्याच्या पुढच्या ओळीला दौलतला वाकायची गरज पडली नाही. त्यालाही पाठच होती. जयवंताचे ओठ शेवटपर्यंत हलत राहिले. पहिल्या ओळीत बसलेल्या एका लहान पोरीनं आईला विचारलं, हे आजोबा काय म्हणतात, आणि आईनं तिला हातानं दाबलं.

घरी आल्यावर लक्ष्मीनं त्याचा सदरा काढून खुंटीला लावला, भात कालवून ताट घेऊन त्याच्यासमोर बसली. दोन घास भरवले. तिसऱ्या घासाला त्यानं तोंड मिटलं आणि काहीतरी म्हणाला.

“काय?”

तो पुन्हा म्हणाला. तिनं ताट खाली ठेवलं, पुढे सरकली आणि कान त्याच्या ओठांना लावला. बाहेर पटांगणात पोरं खुर्च्या उचलत होती, त्यांचा गलका होता. तो तिसऱ्यांदा, होता नव्हता तेवढा जोर लावून म्हणाला. त्याच्या श्वासाची ऊब तिच्या कानाला लागत असेल, हे त्याला कळत होतं.

लक्ष्मीनं मान वर केली आणि हो म्हणाली. हो, बरोबर आहे. तिच्या डोळ्यांकडे पाहून त्याला समजलं की तिला काहीएक ऐकू आलेलं नाही. त्यानं चौथ्यांदा सांगितलं नाही. तोंड उघडलं, आणि तिनं पुढचा घास दिला.